भेगांवरचे भिरंडेल

मार्गशीर्षातील दत्तजयंतीस कोकण-गोमंतकातून गाणगापुरास, अथवा हुमनाबादजवळील माणिकनगरास जाणाऱ्या यात्रेकरूस घाट चढताच हवेचा पालट जाणवतो. समुद्राकाठचा दमटपणा मागे पडतो. भीमाकाठच्या काळ्या रानातला कोरडा वारा ओठ फोडतो आणि अनवाणी चालणाऱ्याच्या टाचा उलतात. अशा वेळी कोकणी गृहिणीच्या गाठोड्यातून जो पांढरट, टणक गोळा निघतो तो भिरंडेलाचा, म्हणजे रातांब्याच्या बियांच्या तेलाचा.

बिदर-कलबुर्गीचे पठार हा या झाडाचा मुलूख नव्हे. त्यास सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पाऊस लागतो. तरीही या पठाराचा समुद्रकाठाशी संबंध जुना आहे. पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरास आली आणि चौल, दाभोळ या बंदरांची वाट तिच्याशी जोडली गेली. रशियन व्यापारी अफानासी निकितीन चौलास उतरून जुन्नरमार्गे बिदरास पोचला आणि परतताना दाभोळहून जहाजावर चढला. महमूद गवानाने 1472 साली गोवे घेतले. त्याच वर्षाची त्याची मदरशाची इमारत बिदरात अद्याप उभी आहे. इतिहासकारांनी या वाटेवरचे घोडे आणि सैन्य मोजले. टाचांच्या भेगांकडे पाहण्यास त्यांना सवड कोठून असणार?

फळाची दखल मात्र लवकर घेतली गेली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. पुढे 1874 साली लंडनमध्ये फ्ल्यूकिगर व हॅनबरी यांच्या औषधिग्रंथात या तेलास स्वतंत्र प्रकरण मिळाले.

परंतु तेलाची खरी विद्या राहिली ती बायकांच्या हाती. रातांबे फोडून सालींची आमसुले करावयाची आणि बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवावयाच्या. मग टरफल काढून गर कुटावयाचा, तो पाण्यात उकळावयाचा. स्निग्धांश वर तरंगू लागला की काढून घ्यावयाचा, आणि निवत आला की मुठीत दाबून त्याचे गोळे वळावयाचे. म्हणूनच त्याचे दुसरे नाव मुठेल. वळणारीच्या बोटांचे ठसे गोळ्यावर उमटलेले असतात.

खोबरेल सुमारे 24 अंशांवर पातळ होते. भिरंडेलास जवळजवळ 40 अंश लागतात. त्यात स्टिअरिक व ओलेइक ही आम्ले मुख्य. भेगेत ते थिजून राहते, कातडीवर पातळ थर धरते आणि आतला ओलावा उडू देत नाही. त्याचे काम रक्षणाचे आहे. भेग चिघळली असेल तर वैद्याकडेच जावे. मुठेलावर भार टाकू नये.

आज हेच तेल ओठांच्या व अंगाच्या मलमांत घातले जाते आणि परदेशीही त्यास मागणी आहे. पण घरोघर सरबतासाठी रातांबे फुटतात आणि बिया उकिरड्यावर जातात. गोळा विकत मिळतो, वळावयास शिकविणारी आजी मिळत नाही. ज्यांच्या घरी ती अद्याप आहे त्यांनी यंदाच्या वैशाखात बिया वाळत घालाव्यात आणि तिच्याशेजारी बसावे.

यात्रेस नेताना गोळा फडक्यात बांधावा. रात्री निजण्यापूर्वी पाय धुऊन पुसावेत, पळीत लहानसा तुकडा घेऊन समईच्या ज्योतीवर धरावा, आणि सोसवेल इतपत कोमट झाल्यावर भेगांत भरावा.