आठ आण्याला एक कुत्रा

मंडळी, गेल्या आठवड्यात बाजारपेठेत एका शाळकरी पोराला कुत्रं चावलं आणि गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणतो, "सगळी मारून टाका." दुसरा म्हणतो, "मुका जीव आहे, हात लावाल तर बघा." मलाही दोन्हीकडून मेसेज आले, "तुम्ही पत्रकार, तुम्ही काय ते लिहा."

लिहितो. पण आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती ऐकल्यावर मी स्वतः चाट पडलो होतो.

आपल्या मुंबईत नोंदल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या दंगलींपैकी एक दंगल भटक्या कुत्र्यांवरून झाली. साल १८३२. आणि रस्त्यावर उतरले कोण? पारशी! आपल्या डोक्यात पारशी बावाजी म्हणजे शांत, विनोदी, जुनी गाडी पुसत बसलेला माणूस. त्या पारशांनी पोलिसांना अडवून मारहाण केली, शहर बंद पाडलं आणि गोऱ्या सैन्याचं पाव-पाणी तोडलं.

आता हे का झालं ते नीट बघा, कारण खरी मेख तिथे आहे.

त्या वेळी मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. गव्हर्नर होता लॉर्ड क्लेअर. शहर वाढत होतं, तशी कुत्रीही वाढत होती. आणि भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस संपला. लस नाही, औषध नाही. पाश्चरने रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली ती १८८५ साली, म्हणजे या दंगलीनंतर ५३ वर्षांनी. ज्याच्या घरात माणूस असा तडफडून गेला असेल, त्याने "मारा कुत्र्यांना" म्हटलं तर त्याला दोष कसा देणार?

तर सरकारचा नियम १८१३ पासूनचा होता. वर्षातल्या ठरावीक दिवसांत, मुख्यतः उन्हाळ्यात, मोकाट कुत्री मारायची. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली. आणि मारणाऱ्याला बक्षीस काय? एका कुत्र्यामागे आठ आणे.

इथे थांबा. आठ आणे त्या काळी किरकोळ रक्कम नव्हती. आता तुम्हीच त्या कुत्री मारणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. पिसाळलेलं, लाळ गाळणारं, अंगावर येणारं कुत्रं शोधून मारायचं, त्यात जिवाला धोका. आणि दुसरीकडे कुणाच्या तरी ओट्यावर शेपूट हलवत बसलेलं, हाक मारली की जवळ येणारं गरीब कुत्रं. दोघांचा भाव एकच. कुठलं मारणार?

तेच झालं. माणसं दारापर्यंत, आवारापर्यंत घुसू लागली आणि पाळलेली, निरुपद्रवी कुत्रीही जाऊ लागली. सरकारच्या वहीत आकडा चढत होता. खरं पिसाळलेलं कुत्रं मात्र बोळात मोकळंच फिरत होतं.

आणि हे सगळं फोर्टमध्ये, पारशांच्या दारात चाललं होतं. पारशी धर्मात कुत्र्याची जागा फार वरची आहे. माणूस गेला की अंत्यविधीत त्याच्या देहाजवळ कुत्रं आणतात आणि त्याची नजर देहावर पडू देतात. या विधीला 'सगदीद' म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं कुत्रं यासाठी विशेष मानतात, त्याला चार डोळ्यांचा कुत्रा म्हणतात. 'वेंदिदाद' या त्यांच्या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय बराचसा कुत्र्यांवरच आहे आणि कुत्र्याला इजा करणाऱ्याला काय शिक्षा, तेही त्यात सांगितलंय. अशा माणसाच्या दारातलं कुत्रं त्याच्या डोळ्यांदेखत काठीने मारलं, तर तो काय करेल?

६ जून १८३२. सुमारे दोनशे पारशांचा जमाव कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशी एकटे राहिले नाहीत. हिंदू, जैन, काही मुसलमान व्यापारीही सामील झाले. फोर्ट आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं पाव, पाणी, सामान अडवलं गेलं. पारशी व्यापाऱ्यांच्या हातात शहराचा पुरवठा होता, त्यामुळे हा बंद साहेबाला चांगलाच झोंबला. शेवटी दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला, सैन्य बोलावलं, धरपकड झाली आणि काहींना शिक्षाही झाल्या.

जाता जाता एक गंमत. ५ आणि ६ जून १८३२ याच दोन दिवशी तिकडे पॅरिसमध्ये राजाविरुद्ध बंड पेटलं होतं. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' कादंबरीत जे बंड आहे, ते हेच. पॅरिसला लोक राजाविरुद्ध रस्त्यावर, मुंबईला कुत्र्यासाठी! आणि आम्हा पत्रकारांसाठी आणखी एक: याच १८३२ सालच्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. मराठी पत्रकारिता जेमतेम पाच महिन्यांची होती, तेव्हाही शहरात कुत्र्यांचा प्रश्न होताच.

पुढे काय झालं? जमशेटजी जीजीभाई, म्हणजे ज्यांच्या नावाने आज जे. जे. हॉस्पिटल आहे ते, आणि शहरातली इतर वजनदार मंडळी मध्ये पडली. अर्ज-विनंत्या झाल्या. कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत, यावर बोलणी आली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन शेटजींच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. आज भुलेश्वरला गेलात तर पांजरापोळ म्हणजे गाईंना चारा घालायची जागा एवढंच दिसतं. पण त्याच्या जन्मामागे मोकाट कुत्र्यांची कत्तल होती, हे तिथे रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

म्हणजे गोष्ट गोड झाली का? नाही. पांजरापोळ झाला तरी कुत्री मारणं काही कायमचं थांबलं नाही. पुढे साहेब गेला, आपलं राज्य आलं, तरी मुंबईत महापालिका मारतच राहिली, थेट १९९०च्या दशकापर्यंत. मग निर्बीजीकरणाचा मार्ग धरला. इतकी वर्षं मारून कुत्री संपली असती, तर आज हा विषयच उरला नसता. जोवर चौकात उघडा कचरा आहे, मटणाच्या दुकानामागे टाकलेलं खाणं आहे, तोवर एक कुत्रं गेलं की त्याच्या जागी दुसरं येणार.

"मारून टाका" म्हणणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं, हे करून झालंय. दीडशे वर्षं करून झालंय.

आणि "हात लावू नका" म्हणणाऱ्यांनाही सांगतो. भूतदया आपल्याला शिकवायची गरज नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली. पण नामदेवांच्या गोष्टीत पोराला चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली नव्हती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस पोटात टोचत, ती आठवण अनेकांच्या घरात आहे. आता दंडात टोचायची चांगली लस आहे, पण रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की आजही माणूस वाचत नाही. बिस्किटं घालणाऱ्याने त्याच कुत्र्याला लस टोचून घ्यायलाही नको का?

सुप्रीम कोर्टातही हाच पेच दिसला. ११ ऑगस्ट २०२५ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला: निर्बीजीकरण आणि लस करून कुत्री होती तिथे सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथून कुत्री हलवायला सांगितलं. आदेश दिल्लीत होतात, पण राबवायचे आपल्या नगरपालिकेने. आणि इथेच मला ते आठ आणे आठवतात.

आजही कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी नगामागे मिळतात. इतक्या शस्त्रक्रिया, इतकं बिल. नगावर पैसे दिले की माणूस सोपा नग शोधतो, हे १८३२ ने शिकवलंय. तेव्हा निदान कुत्रं मेलेलं दिसत तरी होतं. आता कागदावर झालेली शस्त्रक्रिया दिसणार कशी?

ते दिसतं, मंडळी. नियमाप्रमाणे शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. सगळी मारायची गरज नाही, सगळ्यांचे लाड करायचीही नाही. दहातल्या सात कुत्र्यांना लस टोचायची आणि दर वर्षी टोचत राहायची.

म्हणून भांडण जरा बाजूला ठेवा. उद्या सकाळी दूध आणायला जाल तेव्हा आपल्या गल्लीतली कुत्री मोजा. त्यातल्या किती जणांच्या कानाला खाच आहे तेही मोजा. दोन आकडे आणि गल्लीचं नाव कमेंटमध्ये टाका. सगळ्या गल्ल्यांची बेरीज करून मी नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो आणि कागदावरचा आकडा मागतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी इथेच छापू.

आणि तोवर कुणाला चावलंच, तर हळद-मिरची भरत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा. "पाळलेलं कुत्रं होतं, काही होत नाही" असं म्हणून एकही डोस चुकवू नका.