हुकूम आणि गारवा : पंख्याच्या दोरीपासून एसीच्या रिमोटपर्यंत

प्रस्तावना

राजवाडे, तह आणि चळवळी यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळते, ते टेबलाच्या खणातील वस्तूंना क्वचितच मिळते. घाटकोपरमधील घरांत, दवाखान्यांत व महाविद्यालयांच्या सभागृहांत आढळणारा एसीचा रिमोट ही अशीच एक दुर्लक्षित वस्तू होय. प्रस्तुत लेखात गारव्यावरील नियंत्रणाचा इतिहास थोडक्यात पाहून, त्या प्रकाशात रिमोटचा वापर व निगा यांचा विचार केला आहे.

नियंत्रणाची वाटचाल

वासाहतिक काळात कचेऱ्यांत व न्यायालयांत छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलविला जाई. दोरी भिंतीतून बाहेर जाई व ती ओढणारा नोकर व्हरांड्यात बसे. आतील साहेबाला वारा मिळे. ओढणाऱ्याचा घाम त्याला दिसत नसे. विजेच्या पंख्याने पुढे या नोकराची जागा घेतली. 1902 मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा तयार केली. म्हणजे आधुनिक वातानुकूलनाचा जन्म माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदाच्या सोयीसाठी झाला. मुंबईत 1933 साली सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहाने हा गारवा तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकापर्यंत नेला. ब्लू स्टार (1943) व व्होल्टास (1954) या कंपन्याही याच शहरात स्थापन झाल्या.

विंडो एसीची गोल बटणे फिरविण्यासाठी यंत्रापाशी जावे लागे. स्प्लिट एसी भिंतीवर उंच गेला आणि रिमोट अपरिहार्य झाला. ही कल्पना दूरचित्रवाणीकडून आली होती. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने 1955 मध्ये प्रकाशझोतावर, तर 1956 मध्ये कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट आणला. त्यानंतर अवरक्त किरणांचा वापर रूढ झाला.

एकतर्फी संदेश

एसीचा अवरक्त रिमोट सहसा फक्त बोलतो, ऐकत नाही. बटण दाबताच तापमान, वेग, प्रकार अशी सर्व स्थिती तो एकत्र पाठवितो. मध्ये कोणी उभे असल्यास संदेश पोहोचत नाही. तरीही रिमोटच्या पडद्यावर नवा आकडा उमटतो. त्यामुळे पडद्यावरील आकडा ही यंत्राची स्थिती नसून आपला हुकूम असतो. यंत्राचा 'बीप' आवाज ऐकू आला तरच तो पोहोचला असे समजावे.

वापर व निगा

एसी बराच काळ बंद राहणार असल्यास रिमोटमधील सेल काढून ठेवावेत; गळलेल्या सेलमुळे आतील धातूच्या पट्ट्या गंजतात. जुना व नवा सेल एकत्र वापरू नये. पुसताना पाणी थेट न शिंपडता कोरडे फडके वापरावे. बटण दाबून रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा किरणांची चमक दिसते. दुरुस्तीपूर्वीची ही सोपी तपासणी होय. वापरलेले सेल कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 यांचा रोखही तोच आहे.

ठराविक वेगाच्या कॉम्प्रेसरचा एसी 18 अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र अधिक वेळ चालते, एवढेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू होताना 24 अंशांवर असणे बंधनकारक झाले. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगतो.

समारोप

8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या वातानुकूलित डब्यातील गारवा सर्वांचा असतो. रिमोट कोणाही प्रवाशाच्या हाती नसतो. याच मार्गावर असल्फा येथे टेकडीवरील दाट वस्ती खिडकीतून दिसते. घरातील रिमोट मात्र एकाच्या हाती असतो आणि त्याच्या हुकुमाने खोलीबाहेर फेकलेली उष्णता गल्लीतील इतरांच्या वाट्याला येते. दोरी गेली, परंतु भिंतीपलीकडे कोणीतरी आहे, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. रिमोट जपून वापरणे म्हणजे त्या पलीकडच्या माणसाची आठवण ठेवणे होय, असे म्हणता येईल.