संग्रहालयातला सांगणारा माणूस

सहलीहून आलेल्या मुलांना मी नेहमी एक प्रश्न विचारायचो, "म्युझियममध्ये काय पाहिलं रे?" उत्तर ठरलेलं. "लई मोठं हाय सर, फिरू फिरू पाय दुखले." पुढं काही सांगता यायचं नाही. त्यात मुलांचा काही दोष नाही. कपाटात वस्तू असते, खाली पाटी असते, पाटीवर नाव आणि शतक असतं. पण ही वस्तू कुणी केली, कशासाठी केली, तिच्यात बघण्यासारखं काय आहे, हे कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं. या 'सांगणाऱ्या' माणसाचा इतिहास मला मोठा बोलका वाटतो, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याची पायाभरणी १९०५ साली झाली. इमारत १९१४ साली तयार झाली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथं लष्करी रुग्णालय आलं. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला. चित्रं, शिल्पं, नाणी होतीच, पुढे प्राणी आणि पक्ष्यांचा विभागही निघाला. या विभागात १९२६ साली एक जागा भरली गेली. हुद्दा होता 'गाईड लेक्चरर', आपल्या भाषेत मार्गदर्शक व्याख्याता. पगार महिना ३५० रुपये. आलेल्या लोकांना दालनातून फिरवायचं आणि समजावून सांगायचं, हे काम.

त्या जागेवर नेमलेल्या तिशीतल्या माणसाचं नाव होतं सलीम अली. होय, तेच पक्षितज्ज्ञ!

दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, ते रजा घेऊन जर्मनीत बर्लिनला शिकायला गेले. १९३० साली परत येऊन बघतात तर जागाच रद्द झालेली. कारण, निधी नाही. आता कात्री कशाला लागली ते बघा. इमारत राहिली, कपाटं राहिली, पेंढा भरलेले प्राणी राहिले. गेला तो सांगणारा. संग्रहालय चालवणाऱ्यांना हे काम जास्तीचं वाटलं असणार. आमच्याकडेही खर्च कमी करायचा म्हटलं की चित्रकला आणि संगीताच्या शिक्षकांकडेच आधी बघतात, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

पुढची गोष्ट थेट आपल्याशी जोडलेली आहे. नोकरी गेल्यावर सलीम अली काही काळ किहीमला राहिले आणि तिथं त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. मग १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पगार नको, फक्त खर्च द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आपली परभणी तेव्हा याच संस्थानात होती.

त्या काळी संस्थानात कलेच्या वारशाकडे दुर्लक्ष होतं असं मात्र कुणी म्हणू नये. पुरातत्त्व खातं १९१४ सालीच सुरू झालं होतं आणि गुलाम याझदानी यांच्यासारखा विद्वान त्याचा प्रमुख होता. अजिंठ्याची चित्रं जपण्यासाठी इटलीहून जाणकार आणले गेले. याझदानींचे अजिंठ्यावरचे मोठाले इंग्रजी ग्रंथ १९३० पासून निघू लागले. काम खरोखर थोर होतं. पण संस्थानाचं संग्रहालय हैदराबादला आणि ग्रंथ इंग्रजीत. इकडे आमच्या वडिलांची पिढी मराठी घरातली, शाळेत उर्दूतून शिकणारी. अजिंठा आपल्याच मुलखात असून त्यातली एक जातककथा त्यांना कुणी सांगितली नाही.

याच सुमारास औंधला (आपलं औंढा नागनाथ नव्हे, साताऱ्याकडचं औंध) वेगळंच काही चाललं होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. संस्थान ७२ गावांचं, अगदी छोटं. पण १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. खेड्यातल्या माणसाला ही कला कशी कळणार, असला प्रश्न त्या राजाला पडला नाही, हे मला फार आवडतं.

आता काळ पालटला आहे. मुंबईच्या त्याच संग्रहालयानं २०१५ पासून फिरतं संग्रहालय सुरू केलं. एका बसमध्ये प्रदर्शन मांडलेलं असतं. प्रतिकृती असतात, काही वस्तू मुलांना हातात घेऊन बघता येतात आणि बरोबर समजावून सांगणारी माणसं असतात. २०१९ मध्ये त्यांनी आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालयही उघडलं. ज्या संस्थेत एकेकाळी सांगणाऱ्याची जागा रद्द झाली, तीच संस्था आज सांगणाऱ्यांना गावोगाव पाठवते. याला वेळ लागला, पण झालं हे महत्त्वाचं.

आता जिल्ह्याकडे येऊ. आपल्याकडे असं मोठं कलासंग्रहालय नाही. पण वस्तू नाहीत का? जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरं आणि तो कोरीव स्तंभ आहे, नेमगिरीच्या जैन गुंफा आहेत. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे. सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे. हे सगळं उघड्यावरचं संग्रहालयच आहे, फक्त पाटी नाही, कपाट नाही आणि सांगणारा नाही. सांगणारा नसला की काय होतं? कोरीव दगड गोठ्याच्या भिंतीत जातो, मूर्तीला ऑईलपेंट फासला जातो. एखादी मूर्ती रात्रीतून नाहीशी झाली तरी कुणी हळहळत नाही, कारण ती कोणती होती हेच ठाऊक नसतं.

नोकरीत असताना मी आठवीच्या मुलांना धारासूरला नेत असे. प्रत्येकाला एकेक शिल्प नेमून द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते वर्गाला सांगायचं. बऱ्याच जणांना जमायचं नाही. पण एक मुलगी सुरसुंदरीच्या कमरेकडे बघून म्हणाली, "सर, असाच कमरपट्टा आमच्या आजीला होता, दुष्काळात मोडला." बहात्तरचा दुष्काळ! मग त्या तासाला दुष्काळ, सोनार, सावकार असं काय काय निघालं. शिल्पाचं शतक किती मुलांच्या लक्षात राहिलं कुणास ठाऊक, पण त्या शिल्पावर कुणी रेघोट्या ओढू दिल्या नसत्या, एवढं नक्की.

आता मास्तरांमागे माहिती भरण्याचं आणि फोटो पाठवण्याचं काम इतकं लागलंय की त्यांना काय सांगावं? तेव्हा हे काम आपल्यासारख्या निवृत्तांनी घ्यावं असं मला वाटतं. पेन्शन आहे, वेळ आहे, बोलायची सवय तर आहेच! गावातल्या देवळापाशी महिन्यातून एक रविवार दहा मुलं जमवायची आणि त्यांनाच सांगायला लावायचं. या जागेला पगार नाही, म्हणजे निधीअभावी ती रद्द व्हायचीही भीती नाही.

तुमच्या गावात असं काही कोरीव, जुनं असेल आणि कुणी मुलांना ते सांगत असेल, तर जरूर कळवा.