हक्क माणसाबरोबर प्रवास करतो का?

आज एका साध्या प्रवासापासून सुरुवात करू. समजा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला एक गृहस्थ हरणाच्या शिकारीसाठी मेन राज्यात निघाला आहे. गाडीत रायफल आहे. वाटेत न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर लागतात. माणूस तोच, रायफल तीच. पण मॅसॅच्युसेट्समध्ये तिला राज्याचा परवाना लागतो, न्यू हॅम्पशायरमध्ये लागत नाही. आपल्याकडे शस्त्रपरवान्यावरच तो कुठवर चालतो ते लिहिलेलं असतं. तिथे मात्र शस्त्र बाळगणं हा संविधानातला हक्क मानतात. मग प्रश्न असा की, हक्क माणसाबरोबर प्रवास करतो की जमिनीला चिकटलेला असतो?

या प्रश्नाचा इतिहास पाहू. न्यूयॉर्कने 1911 साली पिस्तुलांवर परवाना बसवला, तेव्हा हा ज्या त्या राज्याचा मामला होता. पुढे 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली. ती रायफल शिकागोहून टपालाने डॅलसला आली होती. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले, आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून राज्याबाहेरून टपालाने बंदुका मागवणं बंद केलं. म्हणजे हद्द ही बंदूक अडवण्याची जागा झाली.

यावर प्रतिक्रिया उमटली ती 1986 च्या कायद्यात. सिनेटर मॅक्ल्युअर आणि प्रतिनिधी व्होल्कमर यांनी तो मांडला, रेगन यांनी सही केली. त्यातलं एक कलम आपल्या शिकाऱ्यासाठीच आहे म्हणा ना! निघतो तिथे आणि पोचतो तिथे शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून नेता येतं. अट अशी की, बंदूक भरलेली नको, आणि ती व काडतुसं बसल्या जागेवरून हाताला येता कामा नयेत. गाडीला डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी. समोरचा खण चालत नाही.

वाचायला सोपं वाटतं. पण प्रवास म्हणजे नुसतं चालत राहणं नव्हे, मुक्कामही आलाच. 2005 साली यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला हुकलं. सामान ताब्यात घेऊन त्याने रात्र हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर पेटीत पिस्तूल असल्याचं त्याने आपणहून सांगितलं, आणि त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले; त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला. 2010 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. हॉटेलात शस्त्र त्याच्या हाताशी होतं, म्हणून कायद्याचं छत्र सुटलं. त्याची अडचण न्यायालयाला दिसत होती. पण कायदा बदलणं काँग्रेसचं काम, असं न्यायालयाने म्हटलं.

दुसरी बाजूही पाहू. 1978 साली मोंटाना राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, परराज्यातल्या शिकाऱ्याकडून एल्कच्या परवान्याचे कितीतरी पट जास्त पैसे घ्यायला हरकत नाही. शिकार ही करमणूक आहे, मूलभूत हक्क नव्हे. म्हणजे रायफलला वाट आहे. शिकार मात्र यजमान राज्याच्या मर्जीवर.

आम्हाला यात दोन्ही भीती खऱ्या वाटतात. शेजारच्या राज्याच्या सैल नियमांची झळ आपल्या रस्त्यावर येऊ नये, असं न्यू जर्सीला वाटणं रास्त आहे. आपली कितीतरी मराठी कुटुंबंही तिथे राहतात. आणि प्रामाणिकपणे खरं सांगणाऱ्याला बेड्या पडाव्यात, हेही पटत नाही. चूक कुठे झाली? आमच्या मते, कायद्याने निघण्याचा विचार केला, पोचण्याचा केला. थांबण्याचा पुरेसा केला नाही. माणूस दमतो, गाडी बिघडते, विमान हुकतं. मुक्कामाच्या रात्री शस्त्र कुठे, कोणाच्या ताब्यात ठेवायचं, एवढं जरी कायद्याने स्पष्ट सांगितलं असतं, तरी राज्याची सुरक्षितता आणि माणसाचा हक्क ही दोन्ही एकाच वाटेने जाऊ शकली असती.