शोधनिबंध लिहिताना : विषयनिवडीपासून प्रकाशनापर्यंत

शोधनिबंध हे पीएच.डी. करणाऱ्यांचे काम, ही समजूत आता मोडीत निघाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक मिळतात; चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स हा पर्याय आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये २००६ पासून होणाऱ्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत पदवीचे विद्यार्थीही उतरतात. त्यामुळे आष्ट्यासारख्या गावात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कला-वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींपुढेही हा प्रश्न उभा राहतो, की शोधनिबंध लिहायचा म्हणजे नेमके काय करायचे. इकडून तिकडून मजकूर गोळा करून, बांधणी करून, मार्गदर्शकांची सही घेऊन दिलेल्या वहीला शोधनिबंध म्हणता येत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, किंवा दिलेले उत्तर पटण्याजोगे नाही, अशा एका नेमक्या प्रश्नाचे पुराव्यानिशी दिलेले उत्तर म्हणजे शोधनिबंध.

विषय नव्हे, प्रश्न

बहुतेक विद्यार्थी येथेच अडखळतात. 'वाळवा तालुक्यातील शेती : एक अभ्यास' असे शीर्षक घेऊन ते मार्गदर्शकांकडे जातात. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात उसाला पाण्याची कमतरता नाही. पण खोल काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे अतोनात पाणी दिल्याने आणि निचऱ्याची सोय नसल्याने पुष्कळ रान क्षारपड झाले आहे. 'क्षारपड जमिनींची समस्या' हाही विषयच. मात्र 'आष्टा परिसरातील ज्या शेतांत सच्छिद्र पाइपांची निचरा प्रणाली बसवली, तेथील मातीची विद्युत वाहकता शेजारच्या निचरा नसलेल्या शेतांपेक्षा कमी आहे काय?' असे विचारले की काम सुरू करता येते. कोणती शेते पाहायची, काय मोजायचे, कशाची कशाशी तुलना करायची, हे सारे त्या एका वाक्यातच ठरून जाते.

प्रश्नाला स्थळाची आणि काळाची मर्यादा हवी. याचा उत्तम नमुना वाळवा तालुक्याशीच नाते असलेल्या एका संशोधनात सापडतो. मूळच्या अमेरिकन आणि पुढे कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑमव्हेट यांनी १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याच्या शीर्षकात वसाहतकालीन समाज, पश्चिम भारत, ब्राह्मणेतर चळवळ आणि १८७३ ते १९३० हा कालखंड, एवढे सारे नमूद आहे. १८७३ हे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे वर्ष, म्हणजे सुरुवातीचे साल मनाला येईल ते घेतलेले नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने साठ वर्षांचा काळ अंगावर घेऊ नये. त्याला एखादा हंगाम, एखादे गाव, एखाद्या नियतकालिकाचे दोन वर्षांचे अंक पुरेसे होतात. विषय लहान घेतला तर आपले काम क्षुद्र ठरेल ही भीती निराधार आहे. परीक्षकाला खटकते ते मोठ्या शीर्षकाखालचे तोकडे काम.

आधी काय झाले आहे?

प्रश्न ठरला की त्यावर पूर्वी कोणी काय लिहिले ते पाहावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. क्षारपड जमिनींसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्र आष्ट्याहून फार लांब नाही. तेथील तज्ज्ञांना भेटण्याआधी मात्र निदान चार लेख वाचलेले असावेत, नाहीतर भेट वाया जाते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय संस्थांना खुली करण्यात आली. आपले महाविद्यालय त्यात मोडते की नाही हे ग्रंथपालांना विचारावे. मोडत नसेल तर लेखकालाच नम्र ईमेल लिहून प्रत मागावी. पुष्कळ लेखक आनंदाने पाठवतात.

स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. सांगली जिल्हा मुळात अस्तित्वात नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून आष्ट्याची जुनी माहिती शोधायची तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ चा सातारा खंड उघडावा लागतो, आणि १९५१ च्या जनगणनेत हे गाव 'दक्षिण सातारा' या मथळ्याखाली पाहावे लागते. सांगलीच्या नावाने शोध घेणारा विद्यार्थी 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून मोकळा होतो. नावाचा घोळ आणखीही आहे. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आष्टा नावाचे मोठे गाव आहे, बीड जिल्ह्यात आष्टी आहे, आणि १८१८ साली बापू गोखले जेथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. संगणकावर शोध घेताना ही सगळी गावे एकत्र येतात. तालुका व जिल्हा पडताळल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नये.

वाचताना टिपणे कशी काढावीत यावर बरेच लिहिता येईल, पण एक नियम पाळला तरी पुरे : दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर लगेच अवतरणचिन्हे घालावीत आणि पृष्ठक्रमांक टाकावा. तीन महिन्यांनी ते वाक्य आपले की पुस्तकातले, हे आठवत नाही.

पुरावा गोळा करताना

येथे वेळापत्रकाचा विचार आधी करावा लागतो. गाळप हंगामात शेतकऱ्याला मुलाखतीसाठी उसंत नसते. मातीतील क्षार उन्हाळ्यात केशाकर्षणाने वर येतात आणि पावसाळ्यात धुपून खाली जातात, म्हणून मे महिन्यात घेतलेला नमुना आणि सप्टेंबरमधला नमुना यांची तुलना करून जमीन सुधारली असे म्हणणे चुकीचे ठरते. मे महिन्याच्या सुमारास परीक्षाही असतात. तेव्हा नमुने कधी घ्यायचे, ते प्रयोगशाळेत कधी द्यायचे, अहवाल केव्हा येईल, याची आखणी वर्षाच्या आरंभीच करून मार्गदर्शकांना दाखवावी.

शब्दांच्या व्याख्या हा दुसरा कळीचा मुद्दा. गावात सरसकट 'क्षारपड' म्हटले जाते. शास्त्रात क्षारयुक्त आणि चोपण जमिनी वेगळ्या. विद्युत वाहकता ४ डेसिसिमेन्स प्रतिमीटरपेक्षा अधिक आणि सामू ८.५ पेक्षा कमी असेल तर जमीन क्षारयुक्त, सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. दोहोंवरचा उपायही एक नाही : पहिलीला निचरा आणि पाण्याने क्षार धुणे पुरते, दुसरीला जिप्समची गरज भासते. निबंधात हा भेद न करता सगळे नमुने एकाच तक्त्यात घातले, तर त्यातून काढलेली शिफारस एखाद्या शेतकऱ्याला खर्चात टाकू शकते.

मुलाखती घेताना प्रश्नातच उत्तर दडलेले नसावे. 'जास्त पाण्यामुळेच जमीन बिघडली ना?' असे विचारले तर समोरचा मनुष्य सौजन्याने होकार देतो. त्याऐवजी पाळ्या किती दिल्या, कोणत्या महिन्यात दिल्या, पाणी कोठून येते, हे विचारावे. जमीन खराब आहे असे सांगितल्यास तिचा भाव पडेल, ही धास्तीही असते. म्हणून नाव व गट क्रमांक निबंधात येणार नाही याची हमी द्यावी आणि ती पाळावी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मातीऐवजी माणसांची स्मृती तपासावी लागते. १९४३ ते १९४६ या काळातील क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या आठवणी या भागात घरोघरी सांगितल्या जातात. त्या मोलाच्या आहेत, परंतु चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेली तारीख आणि संख्या जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी पगाराची रेल्वे लुटली गेली. या एका घटनेची दहा जणांची कथने, सरकारी दप्तर आणि वृत्तपत्रातील बातमी समोरासमोर ठेवली तर कोठे काय निसटले ते दिसते, आणि लोकांनी कोणता भाग लक्षात ठेवला हेही दिसते. या दुसऱ्या गोष्टीवर स्वतंत्र निबंध होऊ शकेल. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद जमवीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. नंतर लिहिलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळचा अस्सल कागद अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह. आज बखरींची जागा समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या मजकुराने घेतली आहे, एवढाच फरक.

लेखन

निबंधाचा सांगाडा बहुतेक शाखांत सारखा असतो : प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, काय आढळले, त्याची चर्चा, समारोप आणि संदर्भसूची. मात्र लिहिण्याचा क्रम हाच असावा असे नाही. पद्धतीचा भाग काम चालू असतानाच लिहून ठेवावा, तक्ते आणि आकृत्या आधी कराव्यात, प्रस्तावना शेवटी. सारांश त्याहूनही शेवटी, दोनशे-अडीचशे शब्दांत. त्यात प्रश्न, पद्धत आणि उत्तर तिन्ही हवीत. 'या निबंधात अमुक विषयाची चर्चा केली आहे' एवढेच सांगणारा सारांश वाचकाच्या काही कामाचा नसतो.

मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. 'निष्कर्ष' हा शब्द आपण मोजणीतून आलेल्या आकड्यांसाठीही वापरतो आणि त्यावरून काढलेल्या अनुमानासाठीही. 'गृहीतक' म्हणजे कोणी तपासण्यासाठी मांडलेले विधान समजतो, तर कोणी न तपासता मान्य केलेले. विद्यापीठांत जमा होणाऱ्या प्रबंधांतही हा गोंधळ दिसतो. सोपा मार्ग असा : तपासायच्या विधानाला परिकल्पना म्हणावे, मान्य करून चाललेल्या गोष्टीला गृहीतक, हाती आलेल्या आकड्यांना फलिते आणि अनुमानाला निष्कर्ष, आणि पहिल्या वापराच्या वेळी तसे सांगून टाकावे. परिकल्पना खोटी ठरली तर ती लपवू नये. निचरा बसवूनही एखाद्या शेतात क्षार घटले नाहीत, तर ते का, हाच निबंधाचा सर्वांत वाचनीय परिच्छेद ठरू शकतो.

अलंकारिक भाषा, 'सुवर्णाक्षरांनी', 'अनन्यसाधारण महत्त्व' हे शब्द निबंधलेखन स्पर्धेसाठी राखून ठेवावेत.

संदर्भ आणि वाङ्मयचौर्य

संदर्भ देण्याची पद्धत कोणतीही असो, ती संपूर्ण निबंधात एकच असावी आणि महाविद्यालयाने सांगितलेली असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत द्यावी लागते; चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्ष दुरुस्त प्रत देता येत नाही; त्यापुढे नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. पण या टक्केवारीने एक वाईट सवय लावली आहे : 'दहाच्या आत बसवणे'. इंग्रजी लेखातील परिच्छेद मराठीत उतरवून आपल्या नावावर खपवला तर यंत्राला तो कदाचित सापडणार नाही. तरीही ते वाङ्मयचौर्यच होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत निराळी सावधगिरी हवी. ही साधने लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठक्रमांक यांसह संपूर्ण संदर्भ बनवून देतात आणि कधी कधी तसे पुस्तकच अस्तित्वात नसते. जो ग्रंथ वा लेख आपण स्वतः उघडला नाही, तो संदर्भसूचीत घालू नये. या साधनांची मदत घेतली असल्यास कोणत्या कामासाठी घेतली ते पद्धतीच्या भागात नोंदवावे.

प्रकाशन

निबंध तयार झाल्याबरोबर भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागतात : शुल्क भरा, चार दिवसांत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापू. ज्या निबंधाला तज्ज्ञांनी वाचायलाच चार दिवसांहून अधिक लागतील, तो इतक्या लवकर छापला जातो याचा अर्थ कोणी वाचत नाही. पूर्वी आयोगाची 'केअर' यादी पाहून नियतकालिक निवडण्याचा प्रघात होता; ही यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पीएच.डी.साठी प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापलेला असण्याची सक्तीही आयोगाच्या २०२२ च्या नियमांत उरली नाही. त्यामुळे घाई करण्याचे कारण कमी झाले आणि निवडीची जबाबदारी मात्र वाढली. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयातल्या आहेत का, मागील अंकांतील दोन लेख वाचण्याजोगे आहेत का, शुल्क आधी मागतात की परीक्षणानंतर, एवढे पाहिले तरी बरीच चाळणी होते. परीक्षकाचे अभिप्राय आले तर प्रत्येक मुद्द्याला वेगळे उत्तर लिहावे. न पटलेला मुद्दाही कारणासह नाकारता येतो.

निबंधाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक गावच्या वाचनालयात द्यावी. ज्यांच्या शेतातली माती नेली, त्यांना त्यांच्या नमुन्याचा अहवाल मराठीत, एका पानात, हातात द्यावा. मूळ नोंदवह्या, ध्वनिमुद्रणे आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांच्या संगणकीय प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातील असंख्य पुस्तके भिजून गेली, आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी पुन्हा शहरात शिरले.