सातपुड्याची मुसळी आणि मर्दानगीचा बाजार

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. माणसाने काय खाल्ले, ते कोणी खणून आणले आणि ते कोणाच्या ताटात गेले, याला आपल्या विद्यापीठांनी इतिहास मानलेच नाही. त्यातही 'पुरुषाची ताकद वाढवणारे अन्न' असा विषय काढला की सभ्य माणसे गालातल्या गालात हसतात. या हसण्याखाली एक लूट झाकली गेली आहे. ती उघडी करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. माझा नंदुरबार जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरांवर पावसाळा सुरू झाला की सफेद मुसळीची लांबट हिरवी पाने जमिनीतून वर येतात. याच कुळातली फोडशी किंवा कुलू सह्याद्रीच्या बाजूला भाजी म्हणून खाल्ली जाते. घरातले धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात उभे, अशा दिवसांत रानातला पाला हाच डोंगरातल्या माणसाचा आधार असतो. पावसाळा सरता सरता मुसळीची पाने वाळून जातात आणि खाली बोटांसारख्या मुळांचा झुबका उरतो. तो खणायचा, धुवायचा, साल खरवडायची आणि उन्हात वाळवायचा. दिवसभर खणलेले वाळल्यावर ओंजळीत मावते. ते बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याच्या तागडीत पडते. तिथून पुढे त्याची पूड होते, डबी होते, डबीवर उधळणारा घोडा येतो आणि खणणाऱ्याला मिळालेल्या पैशांशी काहीही नाते नसलेली किंमत तिच्यावर छापली जाते.

या वनस्पतीला 'क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम' हे शास्त्रीय नाव १९५० च्या दशकात सांतापाव आणि फर्नांडिस या संशोधकांनी दिले. मुंबईजवळच्या बोरिवलीची स्मृती त्या नावात कायमची राहिली. पिढ्यान्‌पिढ्या ती ओळखणाऱ्या, खाणाऱ्या आणि खणणाऱ्या माणसांची स्मृती मात्र कोणत्याही नावात राहिली नाही.

डबीवरचा घोडा आला कोठून? 'वाजी' म्हणजे घोडा, आणि पुरुषाला घोड्यासारखा समर्थ करणारी विद्या ती वाजीकरण. आमच्या तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे घोडा कोण विकत घेतो आणि त्याची लीद कोण काढतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या शब्दाचा वर्ग वेगळा सांगायला नको. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दुसराच अध्याय त्याचा आहे. त्यात उडीद, साठेसाळीचा भात, दूध, तूप, साखर, अंडी आणि नाना पशुपक्ष्यांचे मांस यांचे पाठ दिले आहेत. सुश्रुताने तर वाजीकरणाचे योग कोणाला हितकर हेही स्पष्ट सांगून टाकले आहे. वृद्धपणीही रमण्याची इच्छा असणारे, विलासी, धनवान, अनेक भार्या असणारे पुरुष, अशी ती यादी आहे. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणातले शक्तिवर्धक पाठही नगरात सुखाने राहणाऱ्या नागरकासाठीच आहेत.

आता या यादीकडे आपल्या डोळ्यांनी पाहावे. दूध, तूप आणि साखर ज्याच्या घरात वाहते त्याचीच दुर्बलता शास्त्राला दुर्बलता वाटली. नांगर धरणारा, लाकडे वाहणारा, मेलेले ढोर ओढणारा माणूस थकतो, त्याच्या अंगातली ताकद सरते, याची दखल घेण्यासाठी दहावे-बारावे सोडाच, नववे अंगही निघाले नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुश्रुत बोकडाचे वृषण दुधात शिजवायला सांगतो, तेव्हा ते औषध ठरते. मांस खाणारी आपली माणसे मात्र त्याच मांसासाठी तामसी, अपवित्र आणि गावाबाहेरची ठरतात. पदार्थ तोच असतो. तो कोणाच्या ताटात आहे यावर त्याचे नाव ठरते.

या विद्येमागे शरीराची एक कल्पना आहे. अन्नापासून रस, रसापासून रक्त, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सर्वांत शेवटी शुक्र, अशी सात धातूंची उतरंड. शुक्र हे सर्वांचे सार, म्हणून त्याचा थेंब गेला की आयुष्य गेले, ही भीती. उतरंड ही आपल्या समाजाची आवडती रचना आहे. ती समाजातही आहे आणि शरीरातही. आधुनिक शरीरशास्त्राला ही कल्पना मान्य नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते आणि ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. परंतु भीती मेली नाही. या भीतीने ग्रासलेल्या रुग्णांच्या तक्रारींना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. थकवा, कंबरदुखी, झोप न लागणे, आणि या सगळ्याचे खापर वीर्यनाशावर.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. शरीराविषयीचे पहिले छापील वाक्य मी पाठ्यपुस्तकात नव्हे, बसस्थानकाच्या मुतारीच्या भिंतीवर वाचले: गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, शर्तिया इलाज. आज माझ्या वर्गात बसणारी भिल्ल, पावरा, मावची, महार, मांग घरांतली मुले तेच वाक्य मोबाइलवर वाचतात. भिंत बदलली, मजकूर बदलला नाही.

ही मुले खरोखर थकलेली असतात, हे आपण विसरता कामा नये. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आईबापांबरोबर गुजरातच्या साखर कारखान्यांच्या उसाच्या फडात कोयता धरलेला असतो. आमच्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आहे, रक्तक्षय आहे. कुपोषण म्हटले की महाराष्ट्रात अक्कलकुवा आणि धडगाव ही नावे आजही घ्यावी लागतात. धाप लागणाऱ्या मुलाचे रक्त तपासायचे, की त्याला वीर्यनाशाची भीती घालून पूड विकायची? बाजार दुसरे करतो, कारण पहिल्यात नफा नाही. म्हणजे ज्या डोंगरातून 'ताकद' खणून नेली, त्याच डोंगरातल्या पोराला कमजोर ठरवून तीच ताकद डबीत घालून परत विकली जाते. सावकारी यापेक्षा वेगळी काय असते?

या सावकारीला कायद्याने जमीन करून दिली. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि पिढीजात हक्काची 'सवलत' झाली. १९२७ च्या कायद्याने जंगलातला पाला, वेल, गवत आणि वनस्पतींचे सर्व भाग 'वनोपज' ठरवले. जंगलात राहणारा माणूस आपल्याच डोंगरात चोर ठरला. चोराला भाव विचारता येत नाही. व्यापारी देईल ते घेऊन गुपचूप परत यावे लागते. खाली सपाटीवर जमिनी गेलेल्यांची अवस्था वेगळी नव्हती. १९७१ मध्ये शहादा तालुक्यात पाटीलवाडी येथे धान्याच्या प्रश्नावरून आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा आणि मजुरीचा लढा उभा राहिला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. त्या दुष्काळाच्या काळात शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. मर्दानगी म्हणजे काय, या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात दिलेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. वाजीकरणाच्या कोणत्याही ग्रंथात स्त्रीला काय हवे हे तिच्या तोंडून आलेले नाही. इथे ते तिने स्वतः सांगितले.

मग मुसळीत गुण नाहीच का, असे विद्यार्थी विचारतात. तिच्यात सॅपोनिन वर्गातील द्रव्ये आहेत, उंदरांवर प्रयोग झालेले आहेत. परंतु माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार जाहिरातीतल्या दाव्यांना नाही. पुरुषाच्या लैंगिक दुर्बलतेमागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू आणि मनावरचा ताण ही कारणे वारंवार असतात. १९९८ मध्ये, म्हणजे धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. त्यातले सिल्डेनाफिल हे द्रव्य 'वनौषधी' म्हणून खपणाऱ्या पुडींमध्ये चोरून मिसळलेले अनेक देशांत आढळले आहे. हृदयविकारावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. लैंगिक सामर्थ्य वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. कायदा कागदावर आहे, जाहिरात भिंतीवर.

या अंधारात प्रकाश धरणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वीर्यनाशाच्या भीतीवर तुटून पडत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. परंतु बाबासाहेबांना हा प्रश्न क्षुद्र वाटला नव्हता, ही गोष्ट आपल्या चळवळीने फारशी स्मरणात ठेवलेली नाही. जयंतीच्या भाषणांत हा खटला मी क्वचितच ऐकला आहे. आपण शाळेत, वसतिगृहात, शिबिरात शरीराविषयी बोलत नाही, म्हणून ती जागा तंबूवाला वैद्य घेतो.

तेव्हा कामे दोन आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क दिला आहे. मुसळी कधी खणायची, बी पडेपर्यंत किती राखायची आणि कोणत्या भावाने द्यायची, हे ग्रामसभेने ठरवले पाहिजे. बी धरण्याआधीच ओरबाडली तर उद्या डोंगरात ना भाजी राहील, ना मुळी. दुसरे काम शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे. थकलेल्या मुलाला आधी विचारावे: तू आज काय जेवलास? तुझे रक्त कधी तपासले? मग त्याच्याशी वीर्य, स्त्री, पुरुष, सगळ्याविषयी लाज न बाळगता बोलावे. पोटभर भाकरी, डाळ, अंडे, मटण आणि भीतीपासून मुक्त मन, यांपलीकडे आपल्या पोरांना कोणत्याही वाजीकरणाची गरज नाही. आणि एवढे मिळवायचे तर घोडा होऊन चालत नाही. घोड्यावर लगाम दुसऱ्याचा असतो. माणूसच व्हावे लागते.