टॉवरवर माणूसच नसेल तर विमानं उतरतात कशी? अमेरिकेतील सॅन कार्लोस विमानतळाचं प्रकरण समजून घ्या

विमानतळ चालू, विमानं चालू, पण टॉवर रिकामा. अशी वेळ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सॅन कार्लोस विमानतळावर येऊन ठेपली होती.

हा विमानतळ कुठला?
कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे या शहरांच्या मधे. धावपट्टी जेमतेम ८०० मीटर. मोठी प्रवासी विमानं इथं येत नाहीत. आपल्याकडे बारामती, गोंदियाला शिकाऊ वैमानिकांची विमानं फिरतात तशी विमानं, शिवाय खासगी मालकांची छोटी विमानं इथं असतात. पण वर्दळ मोठी, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा विमानतळ अगदी शेजारी.

टॉवरमधला माणूस काय करतो?
त्याला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. कोणी आधी उतरायचं, कोणी थांबायचं, हे तो रेडिओवरून सांगतो.

माणसं कमी का पडली?
अमेरिकेत १९८१ मध्ये नियंत्रकांनी संप केला. सरकारने ११ हजारांहून जास्त जणांना कामावरून काढलं. त्यानंतर १९८२ पासून लहान विमानतळांचे टॉवर कंत्राटी कंपन्यांकडे देणं सुरू झालं. आज असे अडीचशेहून जास्त टॉवर आहेत. सॅन कार्लोस त्यातलाच एक.
तिथलं कंत्राट बदललं. हा भाग घरभाड्याने प्रचंड महाग. जुन्या कंपनीकडे त्यासाठी जादा पैसे मिळत होते, नव्या कंपनीच्या पगारात ते नव्हते. सगळ्या नियंत्रकांनी नव्या कंपनीत जायला नकार दिला. १ फेब्रुवारीपासून टॉवर रिकामा राहणार, असं विमानतळ चालवणाऱ्या काऊंटी प्रशासनाने जाहीर केलं.

टॉवर रिकामा म्हणजे विमानतळ बंद का?
नाही. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत, टॉवर ५०० च्या आसपास. बाकी ठिकाणी वैमानिक एकाच रेडिओ चॅनलवर "मी इथं आहे, उतरतोय" असं सांगत एकमेकांना सांभाळून घेतात. वर्दळ कमी असेल तर हे चालून जातं. पण बाजाराच्या दिवशी चौकात पोलीस नसला तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात शिकाऊ वैमानिक असतील तर धोका आणखी वाढतो.

दुसरी माणसं लगेच का मिळत नाहीत?
लायसन्स असलेला नियंत्रकही आल्या आल्या खुर्चीत बसू शकत नाही. प्रत्येक टॉवरचं काम वेगळं. ते शिकून, तपासणी पास झाल्यावरच त्याला एकट्याने काम करता येतं.

पुढे काय झालं?
अगदी शेवटच्या घडीला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने (एफएए) तात्पुरते आपले नियंत्रक पाठवले आणि टॉवर चालू राहिला. मात्र नियंत्रकांची टंचाई देशभर आहे. एका टॉवरला माणूस दिला की दुसरीकडचा कमी होतो. पगार भागाच्या महागाईला धरून नसेल तर माणूस टिकत नाही, आणि गेलेला लवकर भरून निघत नाही.